मांड बसायला तीन आठवडे लागले: माझदा एमएक्स-५

बारा वर्षं मी एकच उंच, ऐसपैस, ऑटोमॅटिक गाडी चालवली. मुलं, दप्तरं, सामान सगळं तिच्यात मावायचं. वळणावर मी नेमकं काय करतेय याच्याशी मात्र तिला काही देणंघेणं नव्हतं. मुलं मोठी होऊन घराबाहेर पडली आणि मी दोनच सीटची एमएक्स-५ घेतली. वापरलेली, चौथ्या पिढीतली, १.५ लिटर इंजिन, सहा गिअर, कापडी छत. आता दोन वर्षं झाली, आणि अजूनही काही काम नसताना पहाटे उठून मी ती बाहेर काढते.

या गाडीचं सगळं मर्म वजनात आहे. माझी साधारण हजार किलोंची. जपानमध्ये मिळणारं अगदी साधं मॉडेल तर ९९० किलोंचं होतं. इंजिन पुढच्या आसाच्या मागे सरकवून बसवलंय, जोर मागच्या चाकांना जातो आणि वजन पुढे-मागे जवळजवळ निम्मं-निम्मं वाटलं गेलंय. ताकद १३१ पीएस, म्हणजे मेट्रिक अश्वशक्ती. आजच्या हिशेबात हा आकडा लहान आहे, शिवाय तो ७,००० आरपीएमला मिळतो. म्हणजे इंजिन पिळावं लागतं. पिळलं की ते मनापासून गातं आणि साडेसात हजारांपर्यंत कुठेही दमत नाही.

पण सरळ रस्ता सोडा. एका घाटात एक डावं वळण आहे, आत शिरल्यावर आवळत जाणारं. मी तिथे ताशी ५०-६० किलोमीटरनेच असते. ब्रेकवर पाय ठेवला की नाक किंचित खाली जातं आणि स्टिअरिंग हाताला भरीव लागायला लागतं; पुढच्या टायरांवर भार आला. तो भार टिकवत, ब्रेक हळूहळू सोडत स्टिअरिंग वळवलं की गाडी आत शिरते आणि कलते. बऱ्यापैकी कलते. आधी उजवा पुढचा कोपरा दबतो, मग मागचा, आणि मग ती तिथे ठाम बसते. सीट मागच्या आसाच्या अगदी पुढ्यात आहे, त्यामुळे मागची चाकं काय करताहेत हे आधी कमरेला कळतं, मग डोळ्यांना. ॲक्सिलरेटर जरासा सोडला तर नाक आतल्या बाजूला ओढलं जातं, हलकेच दाबला तर गाडी पुन्हा सावरते. वळणाच्या मधोमध पायाने गाडी वळवता येते हे मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं!

हे कलणं अनेकांना दोष वाटतं. मलाही आधी तसंच वाटलं होतं. आता मी त्याच्यावरच विसंबून असते, कारण टायरांवर किती भार गेला आणि अजून किती पकड शिल्लक आहे हे त्या कलण्यातूनच समजतं. २०२२ पासूनच्या गाड्यांत वळणावर आतलं मागचं चाक अगदी हलकं ब्रेक करून गाडीची ती बाजू खाली धरून ठेवणारी व्यवस्था आहे. मी तशी एक चालवून पाहिली. ती जास्त स्थिर वाटली, आणि कलण्यातून गाडीचं माझ्याशी बोलणंही बंद झालेलं नव्हतं.

गाडी घडवणारे 'जिनबा इत्ताई' म्हणतात, म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. आपल्याकडे त्याला मांड म्हणतात. मांड पक्की असलेला स्वार लगाम हिसकत नाही.

माझी मांड बसायला तीन आठवडे लागले, त्याचं कारण मात्र वेगळंच होतं. गाडी घेतल्यावर मी ती एका गॅरेजात तपासायला दिली. परत आली ती अस्वस्थ होऊन. बारीक खडबडीतपणावरही उड्या मारायची, वळणात मागून निसटल्यासारखी वाटायची. सस्पेन्शनच असं असेल असं समजून मी मनातून खट्टू झाले. शेवटी एका रविवारी स्वतः हवा मोजली. चारही चाकांत ३६ पीएसआय. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर स्पष्ट २९ लिहिलंय! जड गाड्यांना भरतात तेवढी हवा सवयीने भरून ठेवली होती. सात पीएसआय सोडले, त्याच रस्त्यावरून परत गेले, आणि गाडी जमिनीवर उतरली. इतक्या हलक्या गाडीत तेवढाही फरक खूप होतो.

गिअरबद्दल लिहायचं तर मनगट हलवावं, दंड नाही. दांडा टीचभर सरकतो आणि प्रत्येक गिअर 'खट्' करून लागतो. ॲक्सिलरेटरचं पेडल खाली जमिनीला बिजागरीवर बसवलंय, म्हणून ब्रेक दाबलेला असतानाच टाचेने इंजिन थोडं उठवून तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येणं सोपं जातं. गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणारा भाग) एका लांब ॲल्युमिनियमच्या चौकटीने जोडलेत, पहिल्या पिढीपासूनच. त्यामुळे पाय दाबला आणि गाडी हलली यांत ढिलाई जाणवत नाही.

एका स्नेह्याकडे ती पहिल्या पिढीतली गाडी आहे, बॉनेटमधून वर उघडणाऱ्या हेडलाइटची, १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये पहिल्यांदा दिसली ती. तिला पॉवर स्टिअरिंग नाही, आणि रस्त्याची खरखर थेट बोटांत येते. माझ्या इलेक्ट्रिक स्टिअरिंगमधून तेवढी येत नाही. एवढी एकच गोष्ट मला मनापासून हवी होती. दोन लिटरची, १८४ पीएसवालीही चालवली. वेगवान आहे, पण मला छोटं इंजिन पूर्ण वापरण्यात जास्त आनंद मिळतो.

गैरसोयी आहेत. डिकी १३० लिटरची, समोर ग्लोव्ह बॉक्स नाही, महामार्गावर छत लावूनही आवाज बराच. उंच माणसाने आधी बसून बघावं. खर्चात मात्र ती सोसते: टायर छोटे, ब्रेकवर ताण कमी.

चालवून बघायला गेलात तर सरळ रस्त्यावर पळवून परत देऊ नका. आधी हवा २९ आहे का बघा, छत एका हाताने मागे टाका, मोकळं लांब वळण शोधा आणि दुसऱ्या गिअरमध्ये, पाय स्थिर ठेवून, कमरेकडे लक्ष द्या.