उंदरांवरचा पेपर खरा, पुडी खोटी

कुडाळ-सावंतवाडी पट्ट्यात ‘आमवातावर प्राण्यांवर सिद्ध झालेलं औषध’ म्हणून पुड्या विकणारे फिरतायत. माझ्या काकीने पंधरा दिवसांच्या पुड्यांना अडीच हजार मोजले. बिल नाही, वेष्टनावर परवाना क्रमांक नाही, बॅच नंबर नाही, घटकही लिहिलेले नाहीत.

माणूस बोलायला गोड. औषध कसलं विचारलं तर म्हणे निगडीचं, म्हणजे निर्गुडीच्या झाडाचं. आता निगडीला कोकणात कोण नाही म्हणणार? सांधे धरले की तिच्या पाल्याचा शेक घरोघरी घेतात. वर फाईलीत एका शोधनिबंधाची झेरॉक्स, उंदराच्या सुजलेल्या पायाच्या फोटोसकट.

तो निबंध मी नेटवर शोधून पूर्ण वाचला. निबंध खरा आहे, आणि इथेच माणसं फसतात. आमवातासारखा आजार व्हावा म्हणून उंदराच्या मागच्या पायात फ्रॉइंड्स अ‍ॅडज्युव्हंट टोचतात, म्हणजे तेलात कालवलेले क्षयाच्या जातीचे मेलेले जंतू. पाय सुजतो, दहा-बारा दिवसांत बाकीचे सांधेही धरतात. सूज किती चढली-उतरली ते पायाचं आकारमान मोजून ठरवतात. या प्रयोगात जंतू टोचले त्याच दिवसापासून निगडीचा अर्क द्यायला सुरुवात केली होती. सूज चढायच्या आधीच औषध देणं वेगळं आणि वर्षानुवर्षं वाकलेली बोटं सरळ करणं वेगळं.

मात्रा होती किलोमागे ४०० मिलिग्रॅम, तीही अल्कोहोलमध्ये काढलेल्या अर्काची. उंदराची मात्रा माणसासाठी साधारण सहाने भागतात. साठ किलोच्या बाईला रोज चार ग्रॅमच्या आसपास नुसता अर्कच लागेल, आणि पुडीत होती चिमूटभर भुकटी! संशोधकांनी शेवटी स्वच्छ लिहिलंय की माणसांवर अभ्यास व्हायला हवा. फाईलीत नेमकं तेच पान नव्हतं.

तरी तिसऱ्या दिवशी काकी म्हणाली, “माका बरा वाटता रे, बोटां वळाक लागली.” जुन्या आमवाताला झाडपाल्याने एवढ्या झटपट उतार पडला की आधी संशय घ्यावा. विक्रेत्याने ‘इंग्रजी गोळ्या बंद केल्याशिवाय गुण येत नाही’ म्हणून आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेट ही डॉक्टरांनी दिलेली आमवाताची गोळीही बंद करायला लावली होती. पुढे काकीचं तोंड सुजून गोल झालं, साखर वाढली. डॉक्टरांनी बघताक्षणी विचारलं, “काय घेताय?” पुडीत स्टेरॉईड, म्हणजे सूज झटपट उतरवणारं औषध, मिसळलेलं असणार, असा त्यांचा अंदाज. अशा भुकट्यांत ते सापडल्याची उदाहरणं आहेत. पुड्या झटक्यात थांबवू दिल्या नाहीत. बाहेरून मिळत राहिलं की शरीर स्वतःचं स्टेरॉईड बनवणं कमी करतं, म्हणून मोजून गोळ्या देऊन हळूहळू उतरवलं. मेथोट्रेक्सेट परत सुरू झाली. मधल्या काळात सांध्याचं हाड झिजलं असेल तर ते भरून येत नाही, हेही त्यांनी सांगितलं.

विक्रेत्याचा फोन आता बंद लागतो. १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्यात संधिवात बरा करण्याच्या जाहिरातीला बंदी आहे. तरी त्याची पत्रकं एसटी स्टँडवर चिकटलेली असतात.

कुणाच्या घरी अशा पुड्या असतील तर फेकू नका, वेष्टनासकट डॉक्टरांना दाखवा, आणि बरेच दिवस घेत असाल तर त्यांना विचारल्याशिवाय एकदम सोडू नका. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करायची. आम्ही उरलेल्या पुड्या आणि पत्रकाचा फोटो जोडून केली आहे.