नागपुरात जन्मदाखला काढणं: नवा दाखला सोपा, जुनी नोंद अवघड

नागपुरात नुकत्याच जन्मलेल्या बाळाचा दाखला काढण्याची सेवा आज चांगली म्हणावी अशी आहे. संगणकावरची नोंद, मराठी-इंग्रजी दोन्ही भाषांतला मजकूर, क्यूआर कोड. दुरुस्तीची सेवा मध्यम आहे. तीस-चाळीस वर्षांपूर्वीची नोंद शोधायची असेल तर भरपूर वेळ हाताशी ठेवूनच निघा. या तिन्हींची गुणवत्ता खिडकीवरच्या माणसापेक्षा जन्माच्या दिवशी काय लिहिलं गेलं यावर जास्त ठरते, म्हणून सुरुवात तिथूनच करायला हवी.

आधी कार्यालय. नोंद जन्म झाला त्या ठिकाणी होते, घरच्या पत्त्यावर नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, शिवनी, बालाघाट इथून बाळंतपणासाठी बाया नागपूरला येतात. त्या बाळांचे दाखले नागपुरातच मिळतात, गावच्या ग्रामपंचायतीत कितीही चकरा मारल्या तरी नोंद सापडणार नाही. शहरातही हाच घोळ होतो. महापालिकेचे दहा झोन आहेत: लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आसीनगर आणि मंगळवारी. दवाखाना ज्या झोनमध्ये, त्या झोनला चौकशी करा, तुमचं घर कुठल्याही झोनमध्ये असो. मेडिकल, मेयो, डागा अशा मोठ्या शासकीय रुग्णालयांत बाळंतपण झालं असेल तर सुट्टी होण्याआधी तिथेच नोंदणीची चौकशी करा. आई दवाखान्यात असतानाच दाखला हातात द्यावा, असं केंद्राच्या महानिबंधक कार्यालयाने शासकीय रुग्णालयांना २०२५ मध्ये बजावलेलं आहे. हद्दीचा प्रश्न मात्र नीट विचारून घ्या. वाडी आणि वानाडोंगरीला नगर परिषद आहे, बेसा-पिपळ्याला नगरपंचायत, कामठीला नगर परिषद वेगळी आणि कटक मंडळ (लष्करी छावणीचं कॅन्टोन्मेंट बोर्ड) वेगळं. पत्रावर ‘नागपूर’ लिहिलेलं असलं तरी नोंद मनपाकडे असेलच असं नाही.

आता दवाखान्यातला फॉर्म, म्हणजे जन्माच्या माहितीचा नमुना क्रमांक १. दवाखान्यात जन्म झाला की नोंद कळवण्याची जबाबदारी कायद्याने दवाखान्याची आहे, पण माहिती तुम्हीच देता. बहुतेक वेळा ती धावपळीत, आजोबा किंवा मामा तोंडी सांगतात आणि कारकून ऐकू येईल तसं लिहितो. पुढची सगळी दुखणी इथे जन्म घेतात. आई-वडिलांचं आधार कार्ड समोर ठेवा आणि इंग्रजी अक्षर न् अक्षर तसंच लिहून घ्या. वाघमारे डब्ल्यूने की व्हीने, मेश्राममध्ये ‘ई’ एक की दोन, याचा निकाल त्या दिवशीच लावायचा. आईचं नाव माहेरचं की सासरचं, ते तिच्या कागदपत्रांशी जुळलं पाहिजे. जन्मावेळचा पत्ता आणि कायमचा पत्ता हे दोन वेगळे रकाने आहेत. माहेरी बाळंतपण झालं तर लोक दोन्हीकडे माहेरचाच पत्ता देतात आणि नंतर तो बदलत बसतात. भरलेल्या फॉर्मचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दुरुस्तीच्या वेळी त्याचा किती उपयोग होतो ते पुढे येईलच.

बाळाचं नाव त्याच दिवशी हवंच असं नाही. नावाशिवाय नोंद होते, नाव १२ महिन्यांच्या आत विनाशुल्क टाकता येतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. बारसं होऊ द्या, घरात एकमत होऊ द्या, मग अर्ज द्या. एकदा नोंदवलेलं नाव आवडलं नाही म्हणून बदलणं दुरुस्तीत बसत नाही. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी राज्यात नावाचा क्रमही ठरलेला आहे: बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. अविवाहित किंवा एकट्या आईला तिच्या शपथपत्रावर दाखला द्यावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ चा निर्णय आहे; खिडकीवर अडवलं तर तो शांतपणे सांगा.

मुदतीचं गणित साधं आहे. २१ दिवसांत कळवलं तर काही लागत नाही. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क. ३० दिवसांपासून वर्षापर्यंत जिल्हा निबंधकाची लेखी परवानगी. वर्ष उलटलं की जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. शेवटच्या प्रकारात राज्य शासनाने मार्च २०२५ पासून तपासणी खूप कडक केली आहे. नुसतं आधार कार्ड जोडून ‘काम करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नका, असा दाखला पुढे रद्द होऊ शकतो.

घरी जन्म झाला असेल तर कुटुंबप्रमुखाने कळवायचं असतं, आणि ते केंद्राच्या सीआरएस, म्हणजे नागरी नोंदणीच्या पोर्टलवरून करता येतं. पोर्टल चांगलं आहे, पण त्याच्यासारख्या दिसणाऱ्या बनावट साइट्स आहेत आणि त्यांवरून निघालेले खोटे दाखले शाळेत, पासपोर्ट कार्यालयात पकडले जातात. पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे का ते पाहा. दाखल्यावरचा क्यूआर स्कॅन केल्यावरही शासकीय साइटच उघडली पाहिजे.

दुरुस्तीकडे येऊ. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ खाली निबंधकाला, म्हणजे नोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला, चूक सुधारता येते. मूळ नोंद खोडली जात नाही, समासात सही-तारखेसह दुरुस्ती लिहिली जाते आणि नवा दाखला सुधारून मिळतो. अर्ज करण्याआधी चूक कुठे झाली ते शोधा. नमुना १ मध्ये बरोबर लिहिलेलं असेल आणि संगणकावर चढवताना चुकलं असेल, तर मूळ फॉर्म काढून दाखवायला लावलं की प्रश्न बराचसा तिथेच मिटतो. आधी काढलेला फोटो इथे कामी येतो. फॉर्ममध्येच चूक असेल तर झोनचा कर्मचारी दवाखान्याचं पत्र मागणार, आणि ते मागणं रास्त आहे. अशा वेळी लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, नोंदणी क्रमांक लिहिलेलं पत्र घ्या. ‘संबंधितांस’ असं मोघम पत्र परत येतं. डिस्चार्ज कार्ड, आई-वडिलांची ओळखपत्रं आणि विवाह नोंदणीचा दाखला सोबत ठेवा. जन्मतारखेची दुरुस्ती सगळ्यांत अवघड. तिथे शाळेच्या दाखल्यापेक्षा प्रसूतिगृहाच्या नोंदवहीतला उतारा वजनदार ठरतो, कारण तो जन्माच्या वेळचा कागद आहे. दवाखाना बंद पडलेला असेल तर मात्र खरंच कठीण जातं.

जुन्या नोंदीसाठी अर्जात एकच तारीख लिहून थांबू नका. पूर्वी शाळेत घालताना तारीख अंदाजे सांगायची पद्धत होती, त्यामुळे प्रत्यक्ष नोंद मागच्या-पुढच्या महिन्यांत सापडते. बाळाचं नाव बहुधा नसतंच. वडिलांचं नाव आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढंच असतं. ज्या कालावधीचा शोध हवा तो अर्जात स्पष्ट लिहा. नोंद नाहीच मिळाली तर तोंडी ‘नाही’ ऐकून परत फिरू नका, नमुना १० मधलं अनुपलब्धता प्रमाणपत्र लेखी घ्या. दंडाधिकाऱ्याच्या आदेशासाठी अर्ज करताना ते लागतं.

जिल्ह्यातल्या खेड्यांतला आजोबा-पणजोबांच्या काळचा जन्म असेल तर ग्रामपंचायतीआधी तहसील कार्यालयाची अभिलेख शाखा गाठा. विदर्भात गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची पंजी, म्हणजे नोंदवही, ठेवत असे, आणि त्या कोतवाल पंजीची प्रमाणित नक्कल तिथे मिळते. जात पडताळणीसाठी तिला मोठं महत्त्व आहे, कारण तिच्यात जातीचाही उल्लेख असतो. पानं जीर्ण असतात, अक्षर लागत नाही. गावाचं जुनं नाव, वडिलांचं नाव आणि साधारण वर्ष एवढं तरी घेऊन जा.

१ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी पासपोर्टला जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो, शाळा सोडल्याचा दाखला नाही. म्हणून या मुलांच्या दाखल्यात स्पेलिंगची चूक राहू देऊ नका. हाताने लिहिलेला जुना दाखला असेल आणि परदेशी पाठवायचा असेल, तर आधी त्याच नोंदीवरून संगणकीकृत प्रत काढा आणि मगच अपॉस्टीलच्या, म्हणजे परदेशात चालणाऱ्या सरकारी प्रमाणीकरणाच्या, मागे लागा.

जन्मदाखला महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खालची अधिसूचित सेवा आहे. अर्ज दिला की तारीख घातलेली पोच घ्याच. पोचेशिवाय मुदत कधी सुरू झाली ते सिद्ध करता येत नाही. मुदत, पदनिर्देशित अधिकारी (सेवा देण्याची जबाबदारी असलेला) आणि प्रथम अपिलीय अधिकारी कोण, हे कार्यालयातल्या फलकावर असायला हवं. मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला तर ३० दिवसांत पहिलं अपील करा, अर्जाची पोच आणि नकाराचं पत्र जोडून.