बिरीव्हमेंट डूलाचा ऑनलाइन कोर्स: रेकॉर्डेड, लाइव्ह की आपल्याकडचं प्रशिक्षण?

बाळ पोटातच गेलेल्या बाईच्या कॉटजवळ जाऊन काय बोलायचं, हे नर्सिंगच्या शिक्षणात मला कुणी शिकवलं नाही. शिकवलं ते एवढंच, की रक्तस्राव बघा, बीपी घ्या, दूध सुकवायची गोळी द्या आणि जमलं तर तिची कॉट इतर बाळंतिणींपासून लांब घ्या. जागेअभावी तेही नेहमी जमायचं नाही. शेजारच्या कॉटवर बाळ रडायचं आणि इकडे हिचा गाऊन दुधानं भिजायचा.

त्यातूनच मी बिरीव्हमेंट डूलाचा एक रेकॉर्डेड कोर्स केला आणि दोन वर्षांनी दुसऱ्या एका संस्थेची लाइव्ह बॅच केली. आता स्टाफमधल्या मुली, स्तनपान सल्लागार मैत्रिणी, स्वतःचं बाळ गमावलेल्या आया मला विचारतात, ‘यातला कोणता घेऊ?’ त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी शब्दाबद्दल. डूला हा ग्रीक शब्द, मूळ अर्थ सेविका. डेना राफेल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी तो बाळंतिणीला आधार देणाऱ्या स्त्रीसाठी वापरायला सुरुवात केली. १९९२ मध्ये अमेरिकेत डोना इंटरनॅशनल ही संस्था निघाली आणि या कामाला रीतसर प्रशिक्षणाचं वळण लागलं. डूला सुईणीसारखं बाळंतपण करत नाही, औषध देत नाही, निदान सांगत नाही. ती सोबत करते. मराठीत मी तिला सोबतीणच म्हणते. बिरीव्हमेंट डूला ही गर्भपात, मृत जन्म किंवा जन्मानंतर काही तासांत-दिवसांत गेलेलं बाळ, अशा वेळची सोबतीण.

कुणाच्या दुःखाशेजारी बसायचंय?

फीच्याही आधी हा प्रश्न सोडवा, कारण नावं सारखी दिसतात आणि माणसं चुकीच्या वर्गात जाऊन बसतात. अमेरिकेत ‘एंड ऑफ लाइफ डूला’ नावाचा वेगळा प्रवाह आहे. हेन्री फेर्स्को-वाइस यांनी २००३ मध्ये न्यूयॉर्कला असा पहिला उपक्रम सुरू केला आणि पुढे २०१५ मध्ये इनेल्डा ही संस्था उभी राहिली. व्हरमाँट विद्यापीठाचा आठ आठवड्यांचा ऑनलाइन प्रमाणपत्र अभ्यासक्रमही याच प्रवाहातला. तिथला विद्यार्थी शिकतो तो शेवटच्या आजारात असलेल्या माणसाजवळ बसणं, म्हणजे त्याच्या इच्छा ऐकणं, घरच्यांना आळीपाळीनं जागायला बसवणं, अखेरच्या श्वासांची लक्षणं ओळखणं.

बाळ गेलेल्या आईजवळ बसणं यापेक्षा वेगळं आहे. इथे मृत्यूची तयारी करायला वेळ मिळालेला नसतो. सोनोग्राफीच्या टेबलावर बातमी कळते आणि त्यानंतर तिला कळा द्यायच्या असतात. या बाजूला स्टिलबर्थडे ही २०११ पासूनची अमेरिकन संस्था ऑनलाइन शिकवते. विस्कॉन्सिनमधल्या ला क्रॉसच्या गुंडरसन रुग्णालयात १९८१ मध्ये सुरू झालेला रिझॉल्व्ह थ्रू शेअरिंग हा कार्यक्रम मुख्यतः डॉक्टर-नर्सेससाठी आहे. तुम्ही रुग्णालयात नोकरीला असाल तर त्याचा विचार जरूर करा. बाहेरून सोबत करायची असेल तर डूला कोर्स जवळचा.

आजी-आजोबांच्या अखेरच्या दिवसांत ज्यांना काम करायचंय, त्यांनी बाळंतपणाच्या कोर्सवर पैसे घालू नयेत. आणि उलटही तेच.

रेकॉर्डेड की लाइव्ह

यावर मी जरा सविस्तर लिहिते, कारण दोन्हींत किती अंतर आहे हे मला स्वतःवरून कळलं.

रेकॉर्डेड कोर्समध्ये व्हिडिओ होते, वाचायला टिपणं होती, प्रत्येक धड्याखाली प्रश्नमंजूषा होती. माहिती चांगली होती. बाळ गेलं तरी दूध येतं, दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास येतं आणि ते आईला आधी सांगून ठेवावं लागतं, नाहीतर तो दुसरा घाव बसतो, हे मी तिथेच नीट शिकले. बाळाच्या पायांचे ठसे घेणं, जावळाची एक बट जपून ठेवणं, फोटो काढायचा का हे विचारणं आणि आता नको म्हणाली तरी काढून बाजूला ठेवायची परवानगी मागणं, हेही तिथलंच. प्रश्नमंजूषेत एक प्रश्न होता, आईला यातलं कोणतं वाक्य बोलू नये? मी बरोबर खूण केली: ‘तू तरुण आहेस, पुन्हा होईल बाळ.’ पैकीच्या पैकी गुण मिळाले.

दोन वर्षांनी लाइव्ह बॅचमध्ये शिक्षिकेनं सरावासाठी आईची भूमिका घेतली आणि ती नुसती गप्प बसली. मी अर्धं मिनिट काढलं, एक मिनिट काढलं. मग माझ्या तोंडून जे निघालं ते अगदी तेच वाक्य होतं, इंग्रजीतून. ज्यावर मी खूण करून गुण मिळवले होते तेच. कुठलं वाक्य चूक हे मला पाठ होतं, पण समोर शांतता आली की वर्षानुवर्षं वॉर्डात ऐकलेलंच ओठावर आलं. शिक्षिकेनं मला थांबवलं, पुन्हा करायला लावलं आणि तिसऱ्या वेळी मी गप्प बसू शकले. त्या एका तासासाठीही मी ती फी पुन्हा भरेन.

म्हणून माझं मत सरळ आहे. तुमच्या तोंडून काय निघतं हे कुणीतरी ऐकणारं नसेल, तर या कामाचं शिक्षण अर्धंच झालं. रेकॉर्डेड कोर्स वाईट नाही, पण तो पुस्तकासारखा वापरायचा. डॉक्टर, नर्स, समुपदेशक म्हणून जे आधीच कुणाच्या तरी देखरेखीखाली काम करतात, त्यांना तो पुरू शकतो. कोऱ्या पाटीनं येणाऱ्यांना पुरत नाही.

लाइव्ह बॅचची अडचण वेळेची. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी सातचा वर्ग म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटे साडेचार, हिवाळ्यात साडेपाच. नाइट ड्यूटी करणारीला हे जड नाही, पण घरात लहान मूल असेल तर आधी विचार करा. ब्रिटनमधून चालणारी बॅच आपल्याला बरीच सोयीची पडते. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी मुलींना हा प्रश्नच नाही आणि तिथल्या इस्पितळांत डूलांची ये-जा असल्यानं शिकलेलं लगेच वापरताही येतं.

परदेशी कोर्समध्ये सासूबाई नसतात

दोन्ही कोर्सेसनी एक गोष्ट गृहीत धरली होती, ती म्हणजे निर्णय आईचा. तिला विचारा, बाळाला घ्यायचंय का, बघायचंय का, नाव ठेवायचंय का. आपल्या वॉर्डात त्या प्रश्नापर्यंत पोचायच्या आधीच दारात आजी म्हणते, ‘सिस्टर, तिला दाखवू नका.’ वडील सही करतात, कापडात गुंडाळलेलं बाळ घेऊन जातात. बहुतेक हिंदू घरांत तान्ह्या बाळाला दहन देत नाहीत, पुरतात. तेरावं होत नाही. आईला बाळ कुठे ठेवलं ही जागासुद्धा कित्येकदा माहीत नसते. मोठं माणूस गेल्यावर दहा दिवस घर भरलेलं असतं, इथे मात्र चौथ्या दिवसापासून कुणी विषय काढत नाही.

रेकॉर्डेड कोर्सला मी हे विचारूच शकले नाही. लाइव्ह बॅचमध्ये विचारलं तेव्हा शिक्षिकेकडे उत्तर नव्हतं आणि तिनं तसं मोकळेपणानं सांगितलं. उत्तर दिलं ते लंडनमध्ये काम करणाऱ्या एका गुजराती सहाध्यायिनीनं: आधी आजीजवळ बसा, तिला कसली भीती वाटतेय ते विचारा. पुढे मी तसं केलं तेव्हा एका आजीनं स्वतःच्या पहिल्या बाळाची गोष्ट सांगितली, पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. त्यानंतर सुनेला बाळ दाखवायला तिनं नाही म्हटलं नाही.

कागदपत्रंही इथली वेगळी. मृत जन्माची नोंद १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली वेगळ्या नमुन्यावर होते. गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा ही तरतूद १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यापासून आहे आणि नोकरी करणाऱ्या कित्येक बायकांना ती ठाऊक नसते. परदेशी कोर्स हे शिकवणार नाही. हे स्वतः माहीत करून घ्यावं लागतं.

आपल्याकडे काय आहे?

आपल्याकडची जवळची परंपरा पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे गंभीर आजारात त्रास कमी करून आजाऱ्याला आणि घरच्यांना आधार देण्याची. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून, पुण्यात वारज्याचं सिप्ला केंद्र १९९७ पासून. तिरुवनंतपुरममध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल यांनी २००३ मध्ये उभारलेली पॅलियम इंडिया ऑनलाइनही शिकवते. केरळात तर साधी शेजारपाजारची माणसं प्रशिक्षण घेऊन आजाऱ्याच्या घरी जातात. सायन रुग्णालयात १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू करणाऱ्या डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनीच पुढे मुलीच्या स्मृतीत रोमिला पॅलिएटिव्ह केअर सुरू केलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

या प्रशिक्षणांत भर प्रामुख्यानं मोठ्या माणसांच्या आजारावर असतो, बाळ गेलेल्या आईवर थोडा. पण इथे खऱ्या माणसांच्या घरी जायला मिळतं, मराठीत बोलायला मिळतं आणि सोबत अनुभवी नर्स असते. खर्चही परदेशी कोर्सपेक्षा खूप कमी. भाषेचा मुद्दा हलका समजू नका. इंग्रजीत ‘आय ॲम सॉरी फॉर युअर लॉस’ म्हणता येतं. मराठीत त्याचं भाषांतर करून बघा, कानाला परकं लागतं. आपल्याकडे माणूस जवळ बसतो, पाठीवर हात ठेवतो, ‘जेवलीस का?’ विचारतो. हे कानांनीच शिकायचं असतं.

प्रमाणपत्राचं काय?

याचं उत्तर थोडक्यात देता येतं. भारतात डूलांची नोंदणी करणारी वैधानिक परिषद नाही. अमेरिकेतही प्रमाणपत्र संस्थेचं असतं, तो सरकारी परवाना नव्हे. लाइव्ह असो वा रेकॉर्डेड, या बाबतीत फरक नाही. कार्डावर समुपदेशक किंवा थेरपिस्ट असं लिहू नका. रुग्णालय तुम्हाला आत घेईल ते तिथल्या डॉक्टर-मेट्रनच्या विश्वासावर.

काम आहे का, असंही विचारतात. संयुक्त राष्ट्रांच्या २०२० च्या अहवालानुसार जगात वर्षाला सुमारे २० लाख मृत जन्म होतात आणि देशवार पाहता सर्वाधिक संख्या भारतात. काम भरपूर आहे. पण त्यासाठी पैसे देणारी घरं सध्या मोठ्या शहरांतच मिळतात, म्हणून लगेच नोकरी सोडू नका.

माझंच बाळ गेलंय, मी करू का?

जरूर करा, पण रेकॉर्डेड नको. घरी रात्री दोन वाजता एकटीनं फोनवर ते व्हिडिओ बघणं आणि नंतर बोलायला कुणी नसणं, हे मी एका मैत्रिणीच्या बाबतीत पाहिलंय. तिनं तिसऱ्या धड्यावर सोडलं आणि आपण नालायक आहोत असं धरून बसली. चूक तिची नव्हती. लाइव्ह बॅच घ्या आणि प्रवेशाआधी शिक्षिकेशी एकदा बोलून घ्या. चांगली शिक्षिका स्वतःहून विचारते, किती काळ झाला, आता तुला कोण सांभाळतंय. स्वतःचंच दुःख अजून ओलं असेल तर कोर्स थांबू शकतो. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही.

स्टाफ नर्सला मी सांगेन, आधी रेकॉर्डेड कर, मग एक लहान लाइव्ह बॅच. बाहेरून येणारीला सांगेन, आधी सहा महिने जवळच्या पॅलिएटिव्ह केंद्रात स्वयंसेवक हो, मग डॉलरमध्ये फी भर. परदेशातल्या मुलीनं थेट लाइव्ह घ्यावा.

पैसे भरण्याआधी संस्थेला एक ईमेल टाका. बॅचमध्ये किती जण असतात, सराव प्रत्यक्ष कोण ऐकतं, आणि कोर्स संपल्यावर पहिल्या कुटुंबाकडे जाऊन आल्यावर रात्री मी कुणाला फोन करू शकते? तिसऱ्या प्रश्नाला नुसतं व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव आलं, तर दुसरी संस्था बघा.