थायलंडमध्ये इंग्रजी शिकवायला जाताय? आधी वर्क परमिटचं विचारा

थायलंडमध्ये इंग्रजी शिक्षकाची नोकरी मिळते, हे खोटं नाही. सरकारी शाळांत एकेका वर्गात चाळीस-पन्नास पोरं आणि इंग्रजी बोलणारे शिक्षक कमी. फिलिपिन्सचे लोक तर ढिगाने आहेत, आता आपल्याकडचेही जातात. नोकरी खरी असते, म्हणूनच फसवणूक लवकर लक्षात येत नाही.

पुण्यातल्या एका एजंटाने मला नाखोन रात्चासिमा भागातल्या सरकारी शाळेत लावलं. फी ९० हजार रुपये. गडी आपल्याच भागातला, 'ताई, तुम्ही फक्त बॅग भरा' म्हणणारा. १५ जुलै २०२४ पासून भारतीयांना तिथे व्हिसाशिवाय ६० दिवस राहता येऊ लागलं होतं. त्याचाच फायदा घेऊन म्हणाला, 'तसेच जा, व्हिसा तिकडे बदलून देतो.' आणि यात थोडं तथ्य आहे, तीच तर गोम. पर्यटक म्हणून गेलेल्याला तिथल्या तिथे नॉन-इमिग्रंट बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा काही वेळा खरंच मिळतो, पण नोकरी देणाऱ्याने त्याचे कागद पुढे केले तरच. बँकॉकला उतरल्यावर त्याच्या माणसाने माझं डिग्रीचं मूळ सर्टिफिकेट 'टीचर्स कौन्सिलला (शिक्षकांना परवाना देणाऱ्या थाई संस्थेला) दाखवायचंय' म्हणून ठेवून घेतलं.

शाळेबद्दल माझी काही तक्रार नाही. सकाळी गेटवर ड्युटी असायची. पोरं दोन्ही हात जोडून वाकायची, एखाद्याच्या मनगटाला गार चहाची प्लास्टिकची पिशवी अडकवलेली, ती नमस्कार करताना हिंदकळायची. आठला झेंडा, राष्ट्रगीत, मग वर्गाबाहेर बूट काढून आत. रोज एवढा मान मिळत असताना आपण इथे बेकायदा कामाला आहोत, हे कुणाच्या मनात येईल?

पगार ठरला होता २५ हजार बाट, हातात यायचे १९. बाकीचे एजंट 'व्हिसा प्रोसेसिंग'चे म्हणून कापायचा. ६० दिवस संपत आले तेव्हा इमिग्रेशन ऑफिसात १,९०० बाट भरून ३० दिवस वाढवून घेतले, तेही माझ्याच खिशातून. त्यानंतर सीमेवरच्या नाँगखाईच्या पुलावरून लाओसला जाऊन, परत येऊन नवा शिक्का. 'सगळे असंच करतात ताई, फाइल चालू आहे.'

आमच्या इंग्रजी विभागाच्या प्रमुख थाई बाई. तोंडावर कुणाला वाईट बोलायचं नाही, आवाज चढवायचा नाही, ही तिथली रीत. आपल्यासारखं 'अहो, तुम्हाला गंडवतायत' असं कुणी म्हणणार नाही. त्यांनी काय केलं, तर एक दिवस शेजारच्या फिलिपिनो शिक्षिकेचं निळं वर्क परमिट, म्हणजे कामाच्या परवान्याची पुस्तिका, मागून घेतलं, माझ्या टेबलावर उघडून ठेवलं आणि एका ओळीवर बोट टेकवलं. तिथे आमच्या शाळेचं नाव होतं. मग हसून, 'तुमची झेरॉक्स आमच्या फाइलला हवी आहे' एवढंच बोलल्या. एजंटाला झेरॉक्स मागितली, तर त्याने व्हॉट्सॅपवर नुसत्या निळ्या कव्हरचा फोटो पाठवला.

फेब्रुवारीत परीक्षा उरकल्या आणि 'शाळेला आता गरज नाही' म्हणून मला काढलं. करार मार्चअखेरपर्यंतचा होता. शाळेत विचारलं, तर त्यांनी एजंटाच्या एजन्सीला मार्चपर्यंतचे पैसे कधीच दिले होते. फेब्रुवारीचा पगारही बुडाला. कामगार खात्याकडे जाते म्हटल्यावर एजंटाचा सूर बदलला. 'जा ना. परमिटशिवाय काम केलंस, आधी तुलाच धरतील.'

ते मात्र खरं होतं. परमिट नसताना काम केलं तर ५,००० ते ५०,००० बाट दंड होतो आणि देशाबाहेर काढतात. कागद न करणं हा त्यांचा ढिसाळपणा नव्हताच. माणूस बेकायदा ठेवला की तो तक्रारीला जात नाही, त्यावरच त्यांचा सगळा धंदा चालतो.

निघायच्या आधी व्हिसा हातात हवा आणि तो नोकरीचा हवा. वर्क परमिटवर काम कुठे करणार, म्हणजे शाळेचं नाव, असतं का ते बघा. एजन्सीचे शिक्षक आधीपासून शाळेत असतील तर त्यांना फोन लावा आणि परमिट किती दिवसांत मिळालं ते विचारा. डिग्रीचं मूळ सर्टिफिकेट दाखवून लगेच परत घ्या. परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या एमिग्रेशन (देशाबाहेर कामाला जाण्याच्या) कायद्याखाली नोंदणी लागते. नोंदणी झालेल्यांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर आहे, आणि त्यांना ३० हजार रुपये अधिक जीएसटी याच्या वर फी घेता येत नाही. माझ्या एजंटाचं नाव त्या यादीत नाही.

सर्टिफिकेट परत मिळालं, ते त्या थाई बाईंनी स्वतः बँकॉकला फोन केल्यावर. पैसे मिळालेले नाहीत, पुण्यात पोलिसांकडे अर्ज दिलाय. माझ्या नंबरवरून एजंट फोन उचलत नाही. भावाच्या नंबरवरून केला तर लगेच उचलला. मे महिन्यात शाळा सुरू होतात, त्यासाठी भरती चालू आहे म्हणाला. फी आता १ लाख १० हजार.