कोलंबसच्या हॉकी सामन्याची चार तिकिटे आणि न हलणारा बारकोड

१ मार्च २०२५ रोजी, शनिवारी संध्याकाळी, ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात ओहायो स्टेडियमच्या प्रवेशद्वारापाशी माझ्या फोनमधली चारही तिकिटे खोटी ठरली. आत फुटबॉलच्या मैदानावर तयार केलेल्या बर्फाच्या रिंगणात कोलंबस ब्लू जॅकेट्स आणि डेट्रॉइट रेड विंग्ज यांचा सामना सुरू व्हायला पाऊण तास उरला होता, आणि बाहेर रांगेच्या कडेला माझे बाहत्तर वर्षांचे वडील, पत्नी आणि बारा वर्षांचा मुलगा माझ्या तोंडाकडे पाहत उभे होते. ५६० डॉलर गेले, ते यथावकाश पुन्हा मिळवता येतील. पण ज्या रीतीने ते गेले ती रीत आपल्या माणसांच्या एकमेकांवरच्या विश्वासावर उभारलेली आहे, आणि आमच्याच भागातल्या आणखी तीन मराठी कुटुंबांनी त्याच सुमारास त्याच माणसाला पैसे पाठवले होते, म्हणून हा अनुभव मी सविस्तर लिहीत आहे.

ज्यांना या सामन्यांची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धेचे आइस हॉकीचे सामने एरवी बंदिस्त सभागृहात अठरा-वीस हजार प्रेक्षकांसमोर होतात. वर्षातून एक-दोन सामने मात्र मोठ्या उघड्या मैदानात, आकाशाखाली खेळवले जातात. २००३ साली कॅनडातल्या एडमंटनमध्ये असा सामना उणे अठरा अंशांच्या आसपासच्या थंडीत झाला होता, आणि १ जानेवारी २०१४ रोजी आमच्या मिशिगनमधल्या ॲन आर्बर येथे, सतत पडणाऱ्या बर्फात, रेड विंग्ज आणि टोरांटो मेपल लीफ्स यांचा सामना पाहायला १,०५,४९१ माणसे आली होती. कोलंबसच्या संघासाठी २०२५ चा हा सामना पहिलाच उघड्यावरचा सामना होता. त्यातच त्यांचा लाडका खेळाडू जॉनी गॉड्रो आणि त्याचा भाऊ मॅथ्यू हे ऑगस्ट २०२४ मध्ये सायकलवरून जात असताना मोटारीच्या धडकेने मृत्युमुखी पडले होते, त्यामुळे त्या शहराच्या दृष्टीने हा नुसता खेळ राहिला नव्हता. त्या रात्री ९४,७५१ लोक आत होते.

आमच्या घरात या सामन्याचे वेगळे कारण होते. बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले. ज्या वसाहतीतून धनराज पिल्ले घडला त्याच वसाहतीच्या मैदानावर ते तरुणपणी हॉकी खेळले, आणि आजही त्यांच्या उजव्या नडगीवर चेंडू लागल्याची खूण आहे. ते आमच्याकडे डेट्रॉइटजवळ हिवाळ्यात पहिल्यांदाच राहायला आले होते. नातवाला चेंडूऐवजी चकतीने, गवताऐवजी बर्फावर खेळताना पाहून ते एकदा म्हणाले, "छपराखाली हॉकी खेळलेली मी आयुष्यात पाहिली नव्हती. आभाळाखाली असती तर ओळखीची वाटली असती." त्यांचे ते वाक्य मुलाने धरून ठेवले आणि कोलंबसच्या सामन्याची तिकिटे काढायचीच असे आमचे ठरले.

अधिकृत विक्रेत्याच्या ॲपवर तिकिटे होती, ही गोष्ट मी मुद्दाम नोंदवतो. एवढ्या प्रचंड मैदानात जागांचा दुष्काळ नव्हता. परंतु निवडलेल्या चार जागांची किंमत, शेवटच्या पानावर सेवाशुल्क वगैरे जोडले जाऊन, सुरुवातीला दिसलेल्या आकड्यापेक्षा बरीच वर गेली, तेव्हा मी चिडून फोन बाजूला ठेवला. (मे २०२५ पासून अमेरिकेत अशा तिकिटांची सर्व शुल्कांसह एकूण किंमत आधीच दाखवणे बंधनकारक झाले आहे, तेव्हा तसे नव्हते.) त्या चिडलेल्या मनःस्थितीत दोन दिवसांनी आमच्या भागातल्या मराठी मंडळींच्या फेसबुक गटात एक जाहिरात दिसली: घरात आजारपण निघाल्यामुळे सामन्याला जाता येत नाही, सी डेकमधली, म्हणजे वरच्या मजल्यावरची, सलग चार तिकिटे मूळ किमतीला, प्रत्येकी १४० डॉलरला, द्यायची आहेत. जाहिरात ज्यांच्या नावाने होती त्या गृहस्थांना आम्ही सगळे काका म्हणतो. गणेशोत्सवात दरवर्षी प्रसादाची व्यवस्था ते पाहतात. त्यांच्या नावापुढे शंका घेण्याचे माझ्या मनातही आले नाही.

मी मराठीत लिहिले, "काका, तिकिटे अजून आहेत का? बाबांना घेऊन जायचे आहे." उत्तर आले, "हाय डिअर, येस, स्टिल अव्हेलेबल." आज ते उत्तर वाचताना माझ्या पोटात गोळा येतो. ज्या माणसाने आयुष्यात माझ्याशी इंग्रजीत चार शब्द बोललेले नाहीत, तो मला 'डिअर' म्हणेल का? पण त्या क्षणी मी स्वतःची समजूत घातली की ते इस्पितळात असतील, घाईत असतील. मी त्याच खिडकीतून फोन लावला, तो लगेच कापला गेला आणि खाली ओळ उमटली की इस्पितळात बोलता येत नाही, लिहूनच कळवा. काकांचा खरा फोन क्रमांक माझ्याकडे गेली सहा वर्षे आहे. तो मी लावला नाही. या सगळ्या प्रकरणात माझी खरी चूक शोधायची असेल तर ती इथे आहे, कारण तो एक फोन पुरेसा होता.

पैसे कसे द्यायचे, हा पुढचा प्रश्न होता. इथे बँकेच्या ॲपमधून, फोन क्रमांक किंवा ईमेल घालून, आपल्याकडच्या यूपीआयसारखे क्षणात पैसे पाठवता येतात. मला जो ईमेल दिला गेला तो घातल्यावर पडद्यावर एका अनोळखी बाईचे नाव आले. विचारल्यावर "कझिनचे खाते आहे, माझ्या खात्याची आजची मर्यादा संपली" असे उत्तर मिळाले. मी सावधगिरी म्हणून निम्मे, म्हणजे २८० डॉलर पाठवले, आणि उरलेले तिकिटे हातात आल्यावर देतो असे कळवले. अर्ध्या तासात दुसरा निरोप आला की आणखी एक कुटुंब पूर्ण रक्कम द्यायला तयार आहे, आणि विक्रेत्याच्या ॲपमधून चारही तिकिटे एकदमच हस्तांतरित होतात, त्यामुळे पूर्ण पैसे मिळाल्याशिवाय ती पाठवता येणार नाहीत. निम्मे पैसे आधीच दिलेले असल्यामुळे माघार घेणे मला अवघड वाटले. मी उरलेले २८० पाठवून मोकळा झालो. पहिला हप्ता ही माझी सावधगिरी आहे असे मी समजत होतो; वास्तविक मला अडकवून ठेवणारा दोर तोच होता.

पैसे गेल्यावर काही मिनिटांत एक ईमेल आला. वर अधिकृत विक्रेत्याचे बोधचिन्ह, सामन्याचे चित्र, विभाग, रांग आणि आसनांचे क्रमांक, आणि "तुमची तिकिटे सामन्याच्या दिवशी सक्रिय होतील" अशी ओळ होती. खालच्या दुव्यावर बोट ठेवल्यावर एक पान उघडले, त्यावर चार बारकोड होते. त्यांची चित्रे मी फोनमध्ये साठवली आणि प्रत्येकाला पाठवली. पाठवणाऱ्याच्या नावाखालचा पत्ता मी उघडून पाहिला असता तर तो कोणत्याही फुकटच्या ईमेल सेवेवर पाच मिनिटांत काढता येणारा होता, हे दिसले असते. काही सामन्यांच्या बाबतीत तिकिटांचे हस्तांतर आयोजक खरोखरच उशिरा खुले करतात, ही अर्धवट माहिती मला होती, आणि तिच्याच आधारावर ती ओळ मला खरी वाटली.

शनिवारी सकाळी अकरा वाजता आम्ही निघालो. टोलेडो, फिंडले, डेलावेअर असा साडेतीन तासांचा रस्ता आहे. बाबांनी दोन स्वेटरांवर माझा जाड कोट घातला होता, थर्मासमध्ये चहा घेतला होता, आणि मुलाने रेड विंग्जचा कर्णधार डिलन लार्किन याचा ७१ क्रमांकाचा लाल सदरा कोटाच्या वरून चढवला होता, तो दिसावा म्हणून. प्रवेशद्वारावर आजीच्या वयाच्या एक स्वयंसेविका होत्या. त्यांनी यंत्र माझ्या फोनवर धरले, यंत्राने लाल दिवा दाखवला. दुसरे तिकीट, पुन्हा लाल. मग त्यांनी यंत्र खाली घेतले, माझ्या फोनकडे वाकून पाहिले आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या की खऱ्या तिकिटातल्या बारकोडवर एक रेघ सारखी सरकत असते, तुमच्या तिकिटावर ती नाही. शेजारच्या रांगेतल्या एका मुलीचा फोन मी पाहिला. तिच्या बारकोडवरून ती निळी रेघ डावीकडून उजवीकडे आणि परत सरकत होती.

तिकीट कार्यालयातल्या तरुणाने माझा ईमेल तपासला. माझ्या नावावर एकही तिकीट नव्हते. त्या क्रमांकांच्या जागा खऱ्या होत्या, पण त्या दुसऱ्या कोणीतरी रीतसर विकत घेतलेल्या होत्या आणि ते लोक आत जाऊन बसलेही होते. त्याच वेळी अधिकृत ॲपवर मला चार सुट्या जागा दिसत होत्या, परंतु बाबा म्हणाले, "आता नको. तुझे हात थरथरतायत, आज आणखी कुठेही पैसे भरू नकोस." आम्ही गाडीत जाऊन बसलो. काच थोडी खाली केली की आतला जल्लोष ऐकू येत होता. पहिला डाव आम्ही रेडिओवर ऐकला. कोलंबसने सामना ५–३ असा जिंकला, तो निकाल आम्हाला परतीच्या रस्त्यावर कळला.

त्या दिवसानंतर मी तिकिटांची पद्धत नीट समजून घेतली, आणि ती प्रत्येकाला ठाऊक असायला हवी असे मला कळकळीने वाटते. मोठ्या सामन्यांचे तिकीट आता कागद नाही, चित्रही नाही; ती विक्रेत्याच्या यंत्रणेतली एका खात्यावरची नोंद आहे. बारकोड काही सेकंदांनी बदलत राहतो, त्यामुळे त्याचे काढलेले चित्र प्रवेशद्वारावर चालत नाही. तिकीट खरोखर हस्तांतरित झाले की विकणाऱ्याचा बारकोड रद्द होतो आणि घेणाऱ्याच्या खात्यात नवा तयार होतो. म्हणून ईमेलमधल्या दुव्यावर न जाता, अधिकृत ॲप स्वतः उघडून, स्वतःच्या खात्यात ते तिकीट दिसते का, एवढेच पाहायचे. ते दिसत नसेल तर तुमच्याजवळ तिकीट नाही, मग समोरचा माणूस कितीही ओळखीचा असो आणि कारण कितीही पटणारे असो. अनोळखी व्यक्तीकडून घ्यायचेच असेल तर खरेदीदाराला हमी देणाऱ्या पुनर्विक्रीच्या ठिकाणाहून घ्यावे आणि पैसे क्रेडिट कार्डाने द्यावेत.

कार्डाचा आग्रह मी का धरतो, ते बँकेत गेल्यावर मला समजले. क्रेडिट कार्डाने दिलेल्या पैशांबद्दल वस्तू मिळाली नाही अशी तक्रार बिल पाठवले गेल्यापासून साठ दिवसांत करण्याचा हक्क अमेरिकेतला कायदा देतो. माझ्या परवानगीशिवाय खात्यातून पैसे गेले असते तरीही बँकेवर जबाबदारी आली असती. पण मी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या पासवर्डाने पाठवलेली रक्कम, फसून पाठवली असली तरी, सहसा परत मिळत नाही. माझी तक्रार बँकेने दहा दिवसांत निकालात काढली. पोलिसांत, एफबीआयच्या इंटरनेट गुन्ह्यांच्या केंद्रात आणि ग्राहकसंरक्षण पाहणाऱ्या संघराज्य व्यापार आयोगाकडे मी तक्रारी नोंदवल्या. गटात माझा अनुभव लिहिल्यावर दोन दिवसांत "तुमचे पैसे परत मिळवून देतो, आधी थोडे शुल्क भरा" असे तीन निरोप आले. तीही फसवणूकच आहे. फसलेल्या माणसालाच हे लोक पुन्हा शोधत येतात.

काकांकडे मी रविवारीच गेलो. त्यांना या जाहिरातीची कल्पनाच नव्हती. पंधरा दिवसांपूर्वी एका मित्राच्या नावाने त्यांना निरोप आला होता की चुकून एक सहा आकडी कोड तुमच्या फोनवर आला आहे, तो मला सांगा. त्यांनी सांगितला, आणि त्यांचे फेसबुक खाते हातचे गेले. अर्थात त्या मित्राचे खातेही त्याआधी असेच गेलेले होते. "माझी चूक लोकांना कशी सांगू, म्हणून गप्प बसलो," असे म्हणताना काकांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांच्यावर रागावण्याचे मला काही कारण दिसत नाही. परंतु त्यांनी पहिल्याच दिवशी गटात दोन ओळी लिहवून घेतल्या असत्या, तर चार कुटुंबांचे पैसे वाचले असते, आणि लाजेपोटी गप्प बसलेल्या प्रत्येकाला मला हे सांगावेसे वाटते. काकांना खाते परत मिळायला तीन आठवडे लागले. पाचवे एक कुटुंब सोमवारी पुढच्या कुठल्याशा सामन्यासाठी पैसे पाठवणार होते. त्यांना मी रविवारी रात्रीच फोन केला.

एप्रिलच्या सुरुवातीला, बाबा पुण्याला परतण्याआधी, आम्ही डेट्रॉइटच्या सभागृहातल्या रेड विंग्जच्या सामन्याची चार तिकिटे काढली, या वेळी अधिकृत ॲपवरून आणि कार्डाने. घरातून निघताना बाबा दारात बूट घालून थांबले आणि त्यांनी माझा फोन मागितला. चष्मा कपाळावरून खाली घेऊन त्यांनी एकेक तिकीट उघडायला लावले, प्रत्येक बारकोडवरची रेघ सरकताना पाहिली, चार मोजली, आणि मगच ते गाडीकडे निघाले.