कस्टम १९११ साठी बेस गन: सात महिने वापरल्यावर

मी डॅलसजवळ राहतो, यूएसपीएसएच्या (अमेरिकेतली नेमबाजी स्पर्धांची संघटना) सिंगल स्टॅक डिव्हिजनमध्ये (१९११ सारख्या पिस्तुलांचा गट) मॅच खेळतो, त्यासाठीच एक साधी गन बेस म्हणून घेऊन, तिचे पार्ट बदलून .४५ कॅलिबरची १९११ पिस्तूल बनवून घेतली. अडीच हजार राउंड झाले, आता लिहितो.

आधी स्वस्तातली गन घेतली होती, कंपनीचं नाव नको, म्हटलं नाहीतरी ट्रिगर, हॅमर, सेफ्टी सगळं बदलायचंच आहे तर बेसवर पैसे कशाला घालवायचे. गनस्मिथने मॅगझिन काढलं, चेंबर दोनदा बघितला, स्लाइड बंद करून मागून दिसणाऱ्या बॅरलवर अंगठा दाबला आणि बॅरल चक्क खाली गेलं, मलाही दाबून बघायला लावलं. लॉकअपच सैल, म्हणजे स्लाइड बंद असताना बॅरल घट्ट बसत नव्हतं, म्हणजे नवीन बॅरल फिट करणं आलं, आणि फ्रंट साइटला डव्हटेल (साइट सरकवून बसवायची खाच) नव्हता तर त्याचं मशिनिंग वेगळं. हिशोब केला तर गनच्या किमतीपेक्षा ही दुरुस्तीच जास्त, शेवटी विकून टाकली.

मग सेकंडहँड स्प्रिंगफील्ड मिल-स्पेक घेतली. फ्रेम आणि स्लाइड दोन्ही फोर्ज्ड (दाबून घडवलेलं स्टील), फ्रंट साइट डव्हटेलमध्ये, आणि कोल्टच्या सीरीज ८० सारखा फायरिंग पिन ब्लॉक (ट्रिगर दाबेपर्यंत फायरिंग पिन अडवून ठेवणारा पार्ट) नाही त्यामुळे ट्रिगरचं काम सोपं झालं. सीरीज ८० वाईट आहे असं अजिबात नाही हं, चांगला गनस्मिथ त्यातही छान ट्रिगर देतो, फक्त पार्ट वाढतात. ही हलवली की थोडी खडखडते, दुकानात लोक तेवढंच बघून नाक मुरडतात, पण बॅरल घट्ट बसतंय ना ते बघा, निशाणा त्यावर आहे.

बदललं काय तर ट्रिगर सेट, बीव्हरटेल (ग्रिपच्या वरचं मागे आलेलं टोक, हाताला हॅमर लागू नये म्हणून), साइट्स, आणि मेनस्प्रिंग हाउसिंगमधलं (ग्रिपच्या मागचा पार्ट) चावीचं लॉक काढून साधं हाउसिंग. बीव्हरटेलसाठी फ्रेमचा मागचा भाग घासावा लागला, पार्ट घेताना त्याचा रेडियस विचारूनच घ्या, .२५० आणि .२२० इंच असे वेगवेगळे येतात आणि एकदा जास्त घासलं की परत येत नाही. थंब सेफ्टी (अंगठ्याने लावायचा खटका) मात्र घरी फाइल घेऊन बसवू नका प्लीज, रिकाम्या गनमध्ये सेफ्टी लावून ट्रिगर दाबला, सोडला आणि मग सेफ्टी काढली, यात हॅमर किंचित जरी हलला तरी ती गन रेंजवर न्यायची नाही.

ट्रिगर आता चार पाउंडाला सुटतो. सुरुवातीच्या तीनशे राउंडमध्ये दोनदा अडकली, दोन्ही वेळा एकच जुनं मॅगझिन होतं, ते फेकलं, तेव्हापासून एकदाही नाही.