भामरागडचं 'नदी सफारी' पॅकेज : पैसे टाकायच्या आधी वाचा

गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडकडं "आदिवासी नदी सफारी" नावाचं एक पॅकेज व्हॉट्सॲपवर फिरून राह्यलं आहे. माणशी ४,५०० रुपये, मोटरबोट, मग डोंगा म्हणजे लाकडी होडी, मग माडिया आदिवासींच्या गावात जेवण अन् गोटुलात, म्हणजे गावाच्या बैठकीच्या जागी, नाच. आम्ही नागपूर-वर्ध्याकडचे सहा जण गेलो. अर्धे पैसे आधी यूपीआयनं, बाकीचे पॅकेजवाल्या एजंटनं आलापल्लीला गाडीतच रोख घेतले, कारण म्हणे पुढं रेंज नसते. रेंज खरंच नसते बाप्पा, म्हणूनच तर हा धंदा चालतो, कोणाला विचारायचं म्हटलं तर फोनच लागत नाही.

पोस्टरवरचा फोटो नीट पाहा. पाण्यात लाकडी खांबांवर उभी घरं अन् निळंशार पाणी. माडियाची घरं अशी नसतातच, जमिनीवर असतात, बांबूच्या तट्ट्याला माती लिंपलेली. फोटो कुठल्या परदेशातला आहे देव जाणे.

पैशात दोन गोष्टी वेगळ्या दाखवल्या होत्या, "वनविभाग बोट परमिट" ५०० अन् "ग्रामसभा शुल्क" ६००. परमिटवर इंद्रावती टायगर रिझर्वचं नाव होतं. आता इंद्रावती व्याघ्र प्रकल्प आहे छत्तीसगडात, बिजापूर जिल्ह्यात, इंद्रावती नदीच्या पलीकडं, तर इकडच्या काठावर त्याचं परमिट हा कसा काय देते? विचारलं तर म्हणे, "सर, दोन्ही राज्यांचं कॉमन आहे."

घाटावर मोटरबोट नव्हतीच. पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी जाते अन् भामरागड तुटते, पण हिवाळ्यात इंद्रावतीत जागोजागी खडक उघडे पडतात, तिथं कसली मोटर अन् कसली बोट. एक डोंगा होता, एका खोडात कोरलेला, त्यात आम्हाला दोन-दोन करून बसवलं. लाइफ जॅकेट पॅकेजात लिहिलेलं, घाटावर एकही नाही. डोंगेवाले दादा मात्र कसलेले, पाय एक इंच हलवू देत नव्हते, अन् गप्पांत सांगत होते का दोन डोंगे बांबूनं बांधून त्यावर मोटरसायकल पण पार नेतात. मी सहज विचारलं, दादा, एका फेरीचे किती भेटते तुम्हाला? तर म्हणाले, "सगळ्याईचे मिळून तीनशे बोलला आहे एजंट, मागच्या पार्टीचे बी नाही आले अजून."

गावात गेलो तर आम्ही येणार हे कोणालाच माहीत नाही. धान कापणीचे दिवस, घरोघरी म्हातारे अन् लेकरं. गोटुलात तिकीट काढून नाच पाहायचा हा प्रकारच नाही, त्यांचा रेला नाच होतो तो त्यांच्या सणाला, लग्नाला. एका काकांनी, आगापिछा न विचारता, भात अन् अंबाडीची भाजी वाढली, पण ते जेवण पॅकेजमधलं नव्हतं हे लक्षात घ्या. ग्रामसभेच्या ६०० चा विषय काढला तर तिथले मास्तर हसले, म्हणे कधी आले नाही असे पैसे. गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभा तेंदू-बांबूचा व्यवहार स्वतः करतात, त्यांचं बँक खातं असते, पावतीबुक असते. खऱ्या ग्रामसभेला द्यायचेच असतील तर पैसे कोण्या माणसाच्या पर्सनल नंबरवर कशाला जातील?

परत आल्यावर एजंटनं फोन उचलणं बंद केलं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार टाकली, यूपीआयचे पैसे गेल्याबरोबर लगेच कळवलं तर समोरचं खातं गोठवायचा चान्स असते, पण रोखीचा काही पुरावाच नाही. म्हणून रोख देऊ नका, परमिटचा कागद भेटला तर आधी वनविभागाच्या ऑफिसात दाखवा. अन् डोंगेवाल्याचे पैसे त्याच्याच हातात द्या, एजंटच्या नाही, आम्ही निघताना दिले तेव्हा तो आधी घ्यायलाच तयार नव्हता, त्याला वाटलं नंतर एजंट भांडेल.

आता त्या माणसानं नंबरवरचं नाव बदललं आहे, डीपीला वाघ लावला आहे. जानेवारीचं नवीन पोस्टर आलं, रेट ५,२००, अन् खाली मोठ्या अक्षरात "ग्रामसभा शुल्क समाविष्ट".